दुसरी आगोट

आमच्या सालवडच्या घरात वर्षातून एकदा आगोट भरली जायची, आणि त्या दिवसांत आईच्या वाटेला जायची कोणाची छाती नव्हती. आता हा शब्द काढला की माझी सून माझ्या तोंडाकडे बघत राहते, म्हणून सांगून ठेवते. पावसाळ्याचे चार महिने होड्या वाळूवर ओढलेल्या, ओहोळ भरलेले, वाटा चिखलात गेलेल्या. तेवढे दिवस बाजाराचं तोंड न बघता घर चाललं पाहिजे, म्हणून उन्हाळ्यातच जे जे भरून ठेवायचं ती आगोट. तांदूळ कणगीत, वाल राखेत घोळवून मडक्यात, मीठ लावलेली चिंच बरणीत, मिठागरावरून आणलेलं खडेमीठ कोपऱ्यातल्या रांजणात आणि वाळकी लाकडं पडवीत छपरापर्यंत. सुके बोंबील आणि सुकट माळ्यावर, मांजराला पोचता येणार नाही अशा उंचीवर टांगलेले असायचे. त्यांचा वास एवढा मुरलेला असायचा की शाळेत माझ्या परकरालाही तो यायचा. माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीच्याही परकराला यायचा, त्यामुळे नाक मुरडायचा प्रश्न नव्हता.

आई माहीमची. तिकडच्या वाड्यांतली माणसं बोलायला गोड आणि व्यवहाराला चिवट, असं दादा म्हणायचे. दादा म्हणजे माझे वडील. ते सुतार. गाड्यांची चाकं, घरांच्या चौकटी, कोणाचा पाळणा, कोणाचा झोपाळा, असं त्यांचं काम चालायचं, आणि गिऱ्हाईक पैशाऐवजी भाताचा मण घेऊन आलं तरी ते हसत घ्यायचे. माणूस इतका आनंदी की त्यांना कोणी फसवलं तरी फसवणाऱ्याची बाजू ते आईला समजावून सांगायचे. घरात मोठी कुसुमताई, मग मी शालू. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांची, सगळं ऐकणारी आणि विचारल्याशिवाय मत देणारी. अजूनही देते.

मग समुद्राच्या बाजूला पॉवर हाऊसचं बांधकाम निघालं आणि आमच्या भागाचा नूरच पालटला. घाटावरची माणसं आली, उत्तरेकडची आली, बोईसर स्टेशनाबाहेर भज्यांच्या गाड्या लागल्या, आणि बाजारात भाव विचारताना आमच्या बायका हिंदी फाडू लागल्या. दादा सेंट्रिंगच्या कामाला लागले. काँक्रीट ओतायचं तर आधी लाकडाचा साचा लागतो. फळ्या ठोकून तो उभा करायचा, ओतलेलं घट्ट झालं की फळ्या काढायच्या आणि पुढे नेऊन पुन्हा ठोकायच्या. दर शनिवारी रोख पगार. भाताच्या मणाची सवय असलेल्या आमच्या घरात पहिल्या शनिवारी दादांनी नोटा देवापुढे ठेवल्या आणि आईनं त्यांच्यावर हळदकुंकू वाहिलं. पुढच्या शनिवारी वाहिलं नाही. म्हणाली, रोजची पाहुणी झाली आता.

शेजारच्या भीमाकाकूंचा नवराही तिथेच खलाशी होता, अवजड सामान दोरखंडानं चढवायच्या कामावर. त्यांच्याकडे ट्रान्झिस्टर आला. काकूंनी त्याला क्रोशाचं झबलं विणलं होतं. टेरिलीनचे शर्ट आले, नायलॉनच्या साड्या आल्या, रविवारी मटणाचा वास गल्लीतून फिरू लागला. आमच्याकडेही सायकल आली, चहात साखर आली, ताईच्या लग्नासाठी पितळेची भांडी एकेक करून जमू लागली. सगळ्यांना वाटायचं हे असंच चालणार. एवढं मोठं काम, ते काय संपतंय? आई मात्र रोज संध्याकाळी, दादा हातपाय धुऊन झोपाळ्यावर टेकले की, एकच चौकशी करायची, की आज काम कुठवर आलं. दादा हातवारे करून सांगायचे, आई ऐकून आत जायची. मला वाटायचं तिला नवऱ्याच्या कामाचं कौतुक आहे. कौतुक होतंच, पण ती त्या इमारतीकडे शेतातल्या उभ्या पिकासारखी बघत होती. पीक वाढतं ते कापणीकडे जायलाच, हे तिला ठाऊक होतं.

ताईचं लग्न माहीमच्या वसंताशी ठरलं होतं. साखरपुडा झाला होता, तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त बघायचा होता. वसंताच्या घरची लहानशी वाडी, केळी आणि पानवेली. पण तो काही वाडीत रमला नाही. त्यानं हप्त्यानं ट्रक घेतला होता आणि पॉवर हाऊसवर रेती-खडी टाकायच्या फेऱ्या मारायचा. त्याचे वडील नाना त्या ट्रकाबद्दल असं बोलायचे की ऐकणाऱ्याला वाटावं दारात हत्ती झुलतोय. वसंताची वाट खरं तर आमच्या घरावरून जात नव्हती. तरी दिवसाआड तो ट्रक आमच्या बांधाजवळ मंद व्हायचा आणि एकदा हॉर्न वाजायचा. तो वाजला की ताई अंगणात जाऊन वाळत घातलेले कपडे उचलायची. मग ओले कपडे घेऊन आत यायची आणि थोड्या वेळानं पुन्हा नेऊन वाळत घालायची. आई सगळं बघायची आणि चुलीकडे तोंड करून हसायची. माझ्या ताईला तो मुलगा मनापासून आवडला होता, हे घरातल्या खांबालाही माहीत होतं.

वैशाखातली गोष्ट. दादा खुशीत घरी आले. साइटीवर सेंट्रिंगच्या जुन्या फळ्या गाडीच्या हिशेबानं विकायला काढल्या होत्या, अगदी पडत्या भावात. अख्खं गाव बैलगाड्या जुंपून निघालं होतं, कारण त्याहून स्वस्त सरपण कुठं मिळणार? आई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. तव्यावरची भाकरी करपायला लागली तेव्हा मीच पुढे होऊन ती उलटली.

"तुमच्या फळ्याच इकून टाकल्या, तर उद्या ओतणार कशात?" तिनं विचारलं.

दादा म्हणाले, अजून मोप काम आहे, यंत्रं बसवायची आहेत, तारा ओढायच्या आहेत, रंग आहे, शिवाय दुसरं पॉवर हाऊस काढणार असंही लोक म्हणतात.

"काम हाय," आई म्हणाली. "पण तुमचं नाय ते."

दादांनी ते हसण्यावारी नेलं. आईनं नेलं नाही. दोन-तीन दिवस गेले. मग एका सकाळी पेज वाढता वाढता तिनं ठरलेलं सांगावं तसं सांगितलं, की यंदा आपल्याला दोन आगोटी भरायच्या आहेत. एक नेहमीची. दुसरी पगार थांबेल त्या दिवसांसाठी. पहिल्या आगोटीला चार महिने पुरायचं असतं; दुसरीला किती पुरावं लागेल ते कोणालाच सांगता येत नाही, म्हणून तिच्यात खाण्याची वस्तू भरून भागणार नाही. तांदळाला टोके होतात, बोंबलाला बुरा येतो, आणि नोटांचं म्हणाल तर गेल्या दिवाळीला जेवढ्यात शेर गूळ यायचा तेवढ्यात आता पाऊणही येत नाही. टिकणारी आणि हाताला काम देणारी एकच वस्तू तिला दिसत होती, आणि ती गाव चुलीत घालत होतं. घरखर्च भागून पगारातलं जे उरेल त्याच्या फळ्या घ्यायच्या, असं तिनं ठरवलं.

दादांना हे मुळीच पटलं नाही. सुताराचा रागच असतो त्या फळ्यांवर. सिमेंट खाल्लेली फळी रंध्याची धार खाते, वर तिच्यात ठिकठिकाणी मोडके खिळे. चांगल्या माणसानं तिला हत्यार लावू नये, असं त्यांचं म्हणणं. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, की सिमेंट आधी खरवडून काढलं, खिळे उपटले, तर खाली लाकूडच आहे ना? दादा म्हणाले, लाकूडच आहे. मग झालं तर, असं म्हणून ती उठली. रविवारी पहिली गाडी आमच्या मागच्या दारी रिकामी झाली.

त्या उन्हाळ्याचा आणि पावसाळ्याचा आवाज माझ्या कानात अजून तसाच आहे. मागच्या पडवीत आईनं छप्पर पुढे ओढून घेतलं, आणि शाळा सुटली की ताई आणि मी तिथं बसायचो. ताई जुन्या खुरप्यानं सिमेंट खरवडायची, खर्रर्र, खर्रर्र, की दात शिवशिवायचे. मी पकडीनं खिळे उपटायची आणि रुळाच्या एका तुकड्यावर ठेवून हातोडीनं सरळ करायची. टक टक टक. सरळ झालेला खिळा डब्यात. सुरुवातीला बोटं सुजली, मग हात असा बसला की खिळ्याकडे न बघता मी पाढे म्हणायची. खरवडलेल्या फळ्या आई आतल्या बाजूला, मध्ये कामट्या घालून, वारा खेळेल अशा रचायची. ते मात्र तिला दादांनी शिकवलं होतं, कारण रागावले तरी लाकूड वाकलेलं त्यांना बघवलं नसतं. आजही रस्त्यात वाकडा खिळा दिसला की मी तो उचलून पदराला बांधते. आमच्या इमारतीतल्या बायका हसतात, हसू देत.

आईचं दुसरं म्हणणं त्याहून कडक होतं. पाऊस लागला की दिवाळीपर्यंत आपण पगार थांबलाच असं समजून राहायचं. पगार येईल, पण तो घरात शिरायचा नाही. "पोटाला सवय आदी लावावी लागते," ती म्हणाली, "येळ आल्यावर ते ऐकत नाय." परवा माझा नातू मला मोबाईलवर दाखवत होता, की अडचणीसाठी काही महिन्यांचा पगार बाजूला ठेवावा असं जाणकार सांगतात. मी म्हटलं, बाजूला ठेवणं सोपं रे, तो बाजूला आहे हे विसरून जेवायला बसणं कठीण. तो म्हणाला, आजी, तू भारी बोलतेस. मी भारी बोलत नव्हते, मला त्या दिवसांची भूक आठवत होती.

तशी उपासमार झाली असं कोणी समजू नये. चहा गुळाचा आणि बिनदुधाचा झाला. भात एक वेळ, दुसऱ्या वेळी रेशनच्या लाल ज्वारीची भाकरी. तिला दादा वीट म्हणायचे आणि तरी दोन खायचे. सुकटीची चटणी, वालाचं बिरडं, परसातला भोपळा, अळू. पावसाच्या तोंडाला डोंगराकडच्या बाया शेवळाची रानभाजी आणि सोबत काकडाची आंबट फळं घेऊन यायच्या. काकडांच्या आंबटपणाशिवाय शेवळं घशाला खाजतात. आईनं त्यांच्याशी मिठाच्या बदल्यात भाजी घ्यायचं ठरवलं होतं. त्यातली एक, जानकी नावाची, आमच्या पडवीत टेकून म्हणाली, "बाय, तुमी आता आमच्यावानीच ऱ्हाता." आईला ते एवढं आवडलं की तिनं जानकीला मूठभर सुकट जास्तीची दिली. ताई वैतागायची. तिच्या मैत्रिणी नव्या बांगड्या भरत होत्या आणि हिच्या हाताला सिमेंटनं भेगा. पण ती निमूट खरवडायची, कारण तुळशीच्या लग्नाकडे तिचे डोळे लागलेले होते.

आणि इथंच आमचं गाडं घसरलं. आमच्याकडे श्रावण पाळला की गणपती बोळवेपर्यंत मासळी बंद. आमचा गणपती गौरींबरोबर जायचा, आणि दुसऱ्या दिवशी घरोघर ताजं मावरं शिजायचं. तो दिवस म्हणजे सणच. कोळणी सकाळीच पाट्या घेऊन यायच्या, आणि कोणाच्या घरात काय शिजतंय ते गल्लीला वासावरून कळायचं. त्या दिवशी ज्याच्या चुलीवर ताजं मावरं नाही त्याच्या घरात एकतर सुतक, नाहीतर दिवाळं. दादांनी आदल्या रात्रीच हळूच विषय काढला होता, की एवढा एक दिवस सोडू या. आईनं सांगितलं, उद्या फळ्यांची गाडी यायची आहे. झालं. सकाळी आमच्या चुलीत सुके बोंबील भाजले गेले. भीमाकाकू विळी मागायला म्हणून आल्या, दारातच नाकानं सगळं वाचलं आणि विळी न घेताच गेल्या.

संध्याकाळपर्यंत गावात झालं, की सुताराला कामावरून काढलं, घरात खायला नाही, बायकोपोरी सरपण विकायला फळ्या खरवडतायत. दादा रोज सकाळी डबा घेऊन कामाला जातात हे सगळ्यांना दिसत होतं. पण लोकांनी त्याचाही अर्थ लावला, की बिचारा लाजेकाजेस्तव डबा घेऊन निघतो आणि दिवसभर बेटेगावच्या तळ्यावर बसून राहतो. वाण्यानं आईला एकदम अदबीनं वागवायला सुरुवात केली, म्हणजे उधार मागू नये म्हणून. आईच्या ते पथ्यावरच पडलं. म्हणाली, शिकवणी पुरी होतेय. पण बोलणं पायानं चालत माहीमला पोचलं, आणि ट्रकाचा हॉर्न वाजेनासा झाला. ताई अंगणात जायची आणि कोरडे कपडे घेऊन परत यायची. तिचा उतरलेला चेहरा बघून मीच त्यांच्या घड्या घालायची.

पितृपक्षात नाना आले. पितृपक्षात सोयरीक जोडायला कोणी येत नाही, तेव्हा ते कशाला आले असतील हे आम्हाला त्यांची छत्री दिसली तेव्हाच कळलं. दुपारची वेळ, दादा कामावर. नाना झोपाळ्यावर टेकले, पाण्याच्या तांब्याला नुसता हात लावला आणि इकडच्या तिकडच्या गोष्टी काढल्या. मग विचारलं, की मिस्त्री दिसत नाहीत. आई म्हणाली, कामावर गेलेत. नानांनी मान हलवली आणि समजूतदारपणे म्हणाले, की राहू द्या, आपल्यात लपवाछपवी कशाला. वेळ कोणावरही येते. पण घरच्या मंडळींचं म्हणणं असं पडलं, की यंदा मुहूर्त नकोच. पुढचं पुढे बघू. आतल्या दाराआड ताई उभी होती. तिनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की वळ उठले.

 आई उठली आणि नानांना मागच्या पडवीत घेऊन गेली. आगोट परक्याला दाखवत नाहीत आमच्यात, नजर लागते म्हणतात. पण तिनं माळ्याची शिडीही लावून दिली. नाना वर डोकावले, खाली उतरले, मग जमिनीपासून आढ्यापर्यंत रचलेल्या फळ्यांकडे बघत राहिले. आईनं त्यांना सगळं सांगितलं, काम कसं सरत आलंय आणि आपण आधीच पोट का आवळलंय. नानांचा चेहरा हळूहळू मोकळा झाला. ते म्हणाले, की मग लोकांच्या जिभेला काही हाड नाही म्हणायचं, आपली सोयरीक पक्की. दाराआड ताईचा हात सैल पडला. तिथं आई थांबली असती तर सगळं सुखासमाधानानं झालं असतं.

"नाना, आता माजा ऐका," आई म्हणाली. "ट्रकाचे हप्ते अजून ऱ्हायलेत. काम थांबला का फेऱ्या थांबणार, हप्ते नाय थांबणार. ट्रक आदी इका, मंग मुहूर्त काढू. पोरगी वसंताला देईन, हप्त्याला नाय देणार."

नानांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मुलीच्या आईनं मुलाच्या बापाला अट घालायची, हे त्यांनी उभ्या आयुष्यात ऐकलं नव्हतं. "वैनी, तुमी फळ्या मोजा," एवढंच म्हणाले आणि चहा न घेता छत्री उचलून पावसात निघून गेले.

ताई दाराआडून बाहेर आली. तिला रडूही येत नव्हतं. "तुला तुजी आगोट माज्यापेक्षा मोठी," ती आईला म्हणाली, आणि त्यानंतर तिनं आईशी बोलणं टाकलं. काम सगळं करायची, पाणी भरायची, फळ्या खरवडायची, पण बोलायचं ते माझ्यामार्फत. आईला सांग मीठ संपलंय. आईला सांग मी विहिरीवर जाते. आई समोरच बसलेली असायची. मी तेव्हा सरळसरळ ताईच्या बाजूची होते आणि आईला तसं तोंडावर सांगितलंही. आई म्हणाली, ताईची बाजू घ्यायलाच पाहिजे कोणीतरी, तू घे. दादा रोज रात्री म्हणायचे, मी जाऊन नानांची समजूत घालतो. आई म्हणायची, थांबा. तिच्या आवाजात कधी कंप आला नाही, पण तिची भाकरी त्या दिवसांत वरचेवर करपायची.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी वसंत आला, एकटाच. ट्रक बांधाशी उभा, त्याच्या तोंडावर कालची झेंडूची माळ. हॉर्न वाजवला नाही. मी खिळे ठोकत होते. तो पडवीच्या पायरीवर बसला, रुमालानं मान पुसली आणि आईला म्हणाला, "मावशी, काम सरत आलंय हे तुमाला कोणी सांगितला?"

"तूच सांग," आई म्हणाली. "मागच्या साली आत काय न्यायचास?"

"रेती, खडी."

"आनि आता?"

त्यानं बांधाशी उभ्या ट्रकाकडे पाहिलं. मग म्हणाला, "आता बाहेर काडतोय. डबर, मोडका लोखंड." आणि हलकेच म्हणाला, "आत मोकळाच जातो."

त्यानं ते आमच्याआधी स्वतःलाच सांगितलं असावं, कारण त्याचे खांदे खाली आले. मग त्यानं खरी अडचण सांगितली. नाना ऐकायचे नाहीत. त्यांनी पंचक्रोशीत ट्रकाचा एवढा डंका पिटलाय की ट्रक विकला तर लोक त्यांच्या तोंडावर हसतील. आणि, तो म्हणाला, तुमच्या मुलीलासुद्धा ट्रकवाला म्हणूनच दाखवलं होतं ना मला. आता वाडीत पाणी शिंपणारा पुढं केला तर तुमचीच फसवणूक. हे तो आईला सांगत होता, पण बघत होता दाराकडे. त्या काळी ठरलेल्या नवऱ्यासमोर मुलगी येत नसे, आणि बोलणं तर दूरच.

ताई बाहेर आली. हातात खुरपं, केसांत सिमेंटची भुकटी.

"मला ट्रक सांगून आला नव्हता," ती म्हणाली. "माणूस आला होता."

आणि आईकडे न बघता तिच्या अंगावरून आत निघून गेली. वसंत उठला, आईला वाकून नमस्कार केला आणि ट्रक वळवला. नाना दोन दिवस जेवले नाहीत म्हणे. तिसऱ्या दिवशी जेवले. दिवाळीच्या आधी ट्रक वलसाडकडच्या एका माणसाला गेला, हप्ते फिटले, आणि उरल्यातून वाडीच्या विहिरीवर ऑईल इंजिन बसलं. ज्यांनी आपले ट्रक ठेवले त्यांचं पुढे काय झालं ते मी सांगत बसत नाही. ती माणसं आमच्याच गावातली होती आणि त्यांची मुलं माझ्या वर्गात होती. मुहूर्त निघाला. ताई हसायला लागली, गुणगुणायला लागली, पण आईशी अबोला तसाच. आमच्या घरातल्या बायका हट्टाला पक्क्या, त्यात ती आईची मुलगी.

दिवाळी होऊन थोडे दिवस झाले असतील. भर दुपारी दादा घरी आले. एकटे नव्हते. पाऊलवाटेवरून हत्यारांच्या पिशव्या घेतलेली माणसांची रांगच येत होती. भीमाकाकूंचा नवरा त्यांच्या पायरीवर बसला आणि चपला काढायचं विसरला. दादांनी पिशवी खांबाला टेकवली आणि म्हणाले, "सपला." आईनं त्यांना हात धुवायला पाणी दिलं. मग शाळेच्या बाकांचं काम आलंय आणि माहीमहून नानांनी दोन दारांच्या चौकटी सांगितल्यात, असं नेहमीच्या आवाजात सांगितलं. ते तिनं आधीच ठरवून ठेवलेलं होतं. दादांनी हात पुसले. मग उठून मागच्या पडवीत गेले, एक फळी ओढून काढली, तिच्यावरून तळवा फिरवला आणि मला म्हणाले, "शाले, माजा रंधा आन."

फळीवर रंधा पहिल्यांदा फिरला आणि राखाडी थराखालून पिवळंधमक लाकूड निघालं. मला काय आनंद झाला! आईला दाखवायला म्हणून मी धावले, तर ती घराच्या मागे, चिंचेखाली, पदर तोंडात कोंबून रडत होती. मी आईला रडताना त्याआधी पाहिलं नव्हतं. माझ्या हातात लाकडाची ताजी ढलपी, आणि मला काही समजेना. सगळं तर तिनं म्हटलं तसंच झालं होतं. माझ्या मागून ताई आली आणि थबकली.

"आता कशाला गं रडतेस?" मी विचारलं. "तुझंच खरं झालं ना?"

"मी खोटी ठरले असते तर बरा झाला असता," आई म्हणाली. "कालपर्यंत वाटत होता, ठरेन खोटी. गावभर हसू झाला असता, हसले असते लोक. आज किती घरांत..."  पलीकडे भीमाकाकूंच्या घरातून एरवी या वेळेला भांड्यांचा आवाज यायचा, तो येत नव्हता.

 ताईनं पदर खोचला, आईच्या शेजारी उकिडवी बसली आणि दीड महिन्यात पहिल्यांदा तिच्याशी बोलली.

"आई, भीमाकाकूंकडची माणसं धरून किती तांदूळ घेऊ?"

आईनं डोळे पुसले.

"माप शीग भरून घे," ती म्हणाली.